अमेरिकेत शिकायला जाताना: ज्यू मुलामुलींनी कॉलेज कसं पारखावं

ठाणे, पनवेल, अलिबागकडच्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या) घरांतली अमेरिकेला निघालेली मुलं हल्ली मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, त्या कॉलेजात ज्यू मुलं किती आहेत?" विचारायला हरकत नाही, पण त्या आकड्यातून फारसं काही हाती लागत नाही. मी पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या विद्यापीठात मास्टर्स केलं. तिथे ज्यू विद्यार्थी भरपूर होते, तरी पहिले काही महिने मला फार एकटं वाटलं. आपल्याला सामावून घेणारं कॉलेज ओळखायचं तर दोन गोष्टी बघाव्यात, असं माझं मत झालं आहे: तिथला साधा शुक्रवार कसा जातो, आणि काही वाईट घडलं तर विद्यापीठ कसं वागतं.

आधी शुक्रवार. डिसेंबरात बॉस्टनकडे सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. शब्बाथ, म्हणजे आपला विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो, म्हणून तुमची लॅब पाचपर्यंत असेल तर तो लॅबमध्येच सुरू होणार. प्राध्यापक वेळ बदलून देतात का, हे तिथल्या मुलांनाच विचारा. शब्बाथ कडक पाळणारे त्या दिवशी वीजही वापरत नाहीत, त्यांनी होस्टेलच्या दाराचीही चौकशी करावी. बहुतेक ठिकाणी कुलूप इलेक्ट्रॉनिक कार्डाने उघडतं आणि पॅसेजमधले दिवे माणसाच्या हालचालीने लागतात. साधी किल्ली मिळेल का, खालच्या मजल्यावर खोली देतील का, हे आधीच विचारलं तर सोय होते. सप्टेंबरात तिथे पोहोचून मागायला गेलात तर खोल्या वाटून झालेल्या असतात.

जेवणाबाबत "कोशेर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेलं) मिळतं" एवढ्या उत्तरावर थांबू नका. कुठे कोशेर म्हणजे फ्रीजमध्ये ठेवलेला बंद डबा, तर कुठे वेगळं स्वयंपाकघर आणि त्यावर देखरेख करणारा माणूस. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी दुपारी ते चालू असतं का? पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) आठ दिवसांत काय असतं? पहिल्या वर्षाच्या मुलांना अनेक कॉलेजांत मेसचे पैसे भरावेच लागतात, मग त्याच पैशांत कोशेर जेवण बसतं की वर आणखी मोजावे लागतात? आपल्याकडे घरी गणित करूनच पाठवतात, म्हणून हे लेखी विचारून घ्या.

सणांचं तर आणखी अवघड. नव्याचा सण (रोश हशाना, ज्यू नववर्ष), दारफळणी (योम किप्पूर, उपवासाचा दिवस) आणि खिरीचा सण, सगळे सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असताना येतात. 2026 मध्ये योम किप्पूर 21 सप्टेंबरला, सोमवारी आहे. त्या दिवशी परीक्षा आली तर नियम काय, हे बहुतेक विद्यापीठांच्या धोरणात लिहिलेलं असतं. ते वाचा. "प्राध्यापकांच्या इच्छेवर" असं लिहिलेलं असेल तर दरवर्षी नव्याने विनवणी करायची तयारी ठेवा. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमचं ब्रँडाइस विद्यापीठ 1948 मध्ये ज्यू समाजाच्या आधाराने उभं राहिलं, पण ते सर्व धर्मांच्या मुलांसाठी आहे आणि तिथलं वेळापत्रकच ज्यू सण धरून आखतात. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठात धार्मिक शिक्षण आणि कॉलेज हातात हात घालून चालतं. पण आपली बहुतेक मुलं कॉम्प्युटर, फार्मसी, डेटा सायन्स यांसाठी मोठ्या सरकारी विद्यापीठांत जातात. तिथे ही सोय आपोआप होत नाही.

तिथे आधार असतो तो मुख्यतः हिलेल आणि खबाद या दोन संस्थांचा. हिलेलची सुरुवात 1923 मध्ये इलिनॉय विद्यापीठात झाली, आज ती शेकडो कॅम्पसवर आहे. वेगवेगळ्या पंथांच्या प्रार्थना, शुक्रवारचं जेवण, सहली, व्याख्यानं असा तिचा पसारा असतो. खबाद म्हणजे बहुधा कॅम्पसजवळ राहणारं एक ऑर्थोडॉक्स (सनातनी) रब्बाईंचं, म्हणजे धर्मगुरूंचं, कुटुंब, आणि जेवण त्यांच्याच घरी. दोन्हीकडे जाऊन बघावं, एकाचीच निवड करायला कोणी सांगत नाही. मास्टर्सवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: हिलेलचे बरेचसे कार्यक्रम पदवीच्या, अठरा-वीस वर्षांच्या मुलांसाठी असतात. मोठ्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट आहे का, हे विचारा. माझ्या एकटेपणाचं एक कारण तेच होतं.

दुसरं कारण आपलं वेगळेपण. तिथले बहुतेक ज्यू मूळचे युरोपातले. पहिल्याच शुक्रवारी एका मुलीने मला विचारलं, "तू धर्म बदलून ज्यू झालीस का?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण घास घशात अडकला. शनवार तेली म्हणून कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांची मी लेक, आणि मला पुरावा मागितला जात होता. पेसाहला तेच. आमच्या घरी तांदळाची भाकरी चालते, तर अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत भात आणि डाळी वर्ज्य. ज्यूंच्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या समितीने 2015 मध्ये त्याला मोकळीक दिली, तरी जुनी सवय कुठे लगेच सुटते!

पण माझं त्या जागेविषयीचं मत बदललं ते तु बिश्वातला, झाडांच्या सणाला. मी मलिदा करते म्हणाले. हिलेलच्या कोशेर स्वयंपाकघरात बाहेरचं काहीही आणता येत नाही, त्यामुळे नकारच येईल असं वाटलं होतं. तिथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी मला सामान घेऊन लवकर यायला सांगितलं. पोह्यांचं पाकीट उलटसुलट करून त्यावरचा मजकूर वाचला, गुळाची ढेप बघितली, यात आणखी काय मिसळतात ते विचारलं, नारळ माझ्यासमोर फोडायला लावला आणि कोरं भांडं काढून दिलं. मग ताट मधोमध ठेवलं आणि मी एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं आपल्या चालीत म्हटलं. ती मघाची मुलगी शेजारीच बसली होती, तिने दोनदा मलिदा घेतला. नियम न मोडता आपल्यासाठी जागा करणारी माणसं तिथे आहेत का, हे मी आता प्रत्येकाला शोधायला सांगते.

आता कठीण भाग. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्राएलवर हल्ला केला आणि गाझात युद्ध पेटलं, त्यानंतर अमेरिकेतल्या कॅम्पसवरची हवा तापली. 5 डिसेंबर 2023 ला हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या अध्यक्षांना कॅम्पसवरच्या ज्यूद्वेषाबद्दल अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली, आणि 2024 च्या वसंतात ठिकठिकाणी गाझासाठी निदर्शनांचे तंबू ठोकले गेले. आपल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी लोद, अशदोद, दिमोना, बेरशेबाला आहे, त्यामुळे ती बातमी आपल्याला घरचीच असते. गाझातल्या मुलांसाठी रडणारी वर्गमैत्रीणही तुम्हाला भेटेल, आणि तिचं दुःख खरं असतं. सरकारवर टीका होणं वेगळं, आणि ज्यू म्हणून तुम्हाला अडवणं, हिणवणं, अभ्यासगटातून काढणं वेगळं. चांगलं विद्यापीठ हा फरक जाणतं आणि दुसऱ्या प्रकारात लगेच उभं राहतं. हिलेलमध्येही विचारा: इस्राएलबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं असलं तरी मी जेवायला येऊ शकते ना?

अँटी-डिफेमेशन लीग ही संस्था 2024 पासून विद्यापीठांना ज्यूद्वेषाच्या बाबतीत ए ते एफ अशा श्रेणी देते. बघा, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला क्लेरी कायद्याखाली दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा अहवाल जाहीर करावा लागतो. त्यात धर्मद्वेषातून झालेले गुन्हे वेगळे दिलेले असतात, तीन वर्षांचे आकडे एकत्र मिळतात. शून्य दिसलं म्हणून खूश होऊ नका, तक्रार करायची पद्धतच मुलांना माहीत नसेल तरीही शून्यच दिसतं. 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण, मूळ देश यांवरून भेदभाव करायला मनाई करतं, आणि समान वंशपरंपरेच्या आधारे ज्यू विद्यार्थ्यांनाही त्याचं संरक्षण मिळतं. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार साधारणपणे घटनेपासून 180 दिवसांत करायची असते. व्हिसावरच्या मुलांना तक्रारीची भीती वाटते, हे मी जवळून पाहिलं आहे. हे संरक्षण नागरिकत्वावर अवलंबून नाही, हे त्यांना घरच्यांनीही सांगावं.

ऑफर हातात आल्यावर वेळ थोडा असतो. पदवीच्या मुलांना बहुधा 1 मेपर्यंत, आणि स्कॉलरशिप किंवा असिस्टंटशिप मिळालेल्या मास्टर्स-पीएचडीवाल्यांना बऱ्याच ठिकाणी 15 एप्रिलपर्यंत कळवायचं असतं. म्हणून मार्चमध्येच हिलेलला आणि खबादला एकेक मेल करा. तुम्ही कोण, कुठले, शब्बाथ किती पाळता, काय खाता, हे चार ओळींत लिहा, आणि सध्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलायला मिळेल का, असं विचारा. तिथे नोकरीला असलेल्याशी नाही, विद्यार्थ्याशीच. तो भेटला की त्याला विचारा: गेल्या योम किप्पूरला तू कुठे होतास, आणि वर्गात कोणाला सांगून गेलास?