उपग्रहाच्या रडारमधून समुद्र पाहताय? या चुका टाळा

समुद्राची रडार प्रतिमा उघडली की डोळे तिला फोटोच समजतात. बरेचसे घोटाळे इथूनच सुरू होतात. सेंटिनेल-१सारखा रडार उपग्रह आपल्या उड्डाणाच्या दिशेतली प्रत्येक जागा डॉप्लर बदलावरून, म्हणजे गतीमुळे प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून ठरवतो, आणि खालचं सगळं जागच्या जागी उभं आहे असं धरून चालतो. समुद्र कुठला उभा राहायला! पाणी रडारच्या दिशेने सेकंदाला १ मीटर सरकत असेल, तर प्रतिमेत ते उड्डाणाच्या दिशेने सुमारे ११० मीटर पुढे जाऊन बसतं. चालतं जहाज आपल्याच फेसाळ रेषेपासून बाजूला पडलेलं दिसतं ते यामुळेच. ते पाहून अख्खी प्रतिमा सरकवायला जाऊ नका. बंदराचे धक्के, बेटं, किनारा जागेवर आहेत ना, ते आधी बघा.

लाटांचंही तेच. या सरकण्याने प्रतिमेतले ठिपके कुठे गर्दी करतात, कुठे विरळ होतात. लांब लाटा त्यातून उठून दिसतात, आखूड पुसल्या जातात. उन्हाळ्यात दुपारी कोकणात खाऱ्या वाऱ्याने वायव्येकडून येणाऱ्या लाटा घ्या. आवर्तकाल (दोन माथ्यांमधला वेळ) ५-६ सेकंद, लांबी जेमतेम ४० ते ५५ मीटर. प्रतिमेत त्या नसतातच. दक्षिणेच्या महासागरातून आलेली, १४ सेकंदांची, ३०० मीटर लांबीची लाट तेवढी दिसते. यावरून ‘समुद्र शांत’ असं लिहून मोकळं होऊ नका. उड्डाणाच्या दिशेत किती लांबीपर्यंतच्या लाटा टिकल्या ते प्रतिमेच्या वर्णपटावरून (कुठल्या लांबीच्या आणि दिशेच्या लाटा किती, याच्या आलेखावरून) काढा. त्याहून आखूड लाटांसाठी रत्नागिरीच्या बॉयची (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राची) नोंद बघा. लाट कुठून कुठे चालली हेही एकट्या वर्णपटावरून कळत नाही, १८० अंशांचा पेच राहतो: लाट येतेय की उलट दिशेला जातेय, दोन्ही सारखंच दिसतं.

सगळ्यांत महागात पडते ती चूक मात्र वेगळीच: डॉप्लरवरून काढलेला वेग जशाच्या तसा ‘सागरी प्रवाह’ म्हणून वापरणं. लाटेतलं पाणी पुढे-मागे झुलतं, म्हणजे सरासरी शून्य व्हायला हवी. पण सेंटिनेल-१च्या सी-बँड (सुमारे साडेपाच सेंटीमीटर तरंगलांबीच्या) रडारला उत्तर देतात त्या काही सेंटीमीटरच्या लहरी, आणि त्या मोठ्या लाटेच्या अंगावर सगळीकडे सारख्या चमकत नाहीत. जिथे चमक जास्त, तिथल्या वेगाचं वजन जास्त. वारा जोरात असेल तर ही भर खऱ्या प्रवाहापेक्षाही मोठी निघते. वारा आणि लाटांचा वाटा वजा केल्याशिवाय नकाशावर बाण काढूच नयेत.

२०१३ साली सोडलेल्या ‘सरल’ उपग्रहावरच्यासारख्या, समुद्राची पातळी मोजणाऱ्या रडार उंचीमापकांत हाच त्रास निराळ्या रूपात येतो. लाटांचे खळगे माथ्यांपेक्षा जास्त प्रतिध्वनी देतात, त्यामुळे पातळी खरीपेक्षा खाली दिसते. त्याची दुरुस्ती डेटाफाइलमध्येच असते. तयार समुद्रपातळीत ती बहुधा आधीच धरलेली असते. माहितीपत्रक न वाचता पुन्हा लावली, तर ३ मीटरच्या लाटांत पातळी दहाएक सेंटीमीटर उगाच वर जाते.