धोक्याची माहिती गोळा करताय? आधी काउंटर लिहून घ्या

गेल्या वर्षी आमच्या क्रेडिट सोसायटीसाठी सायबर धोक्यांची माहिती गोळा करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं आणि सपशेल आपटलो. आता पुन्हा बसतोय, म्हणून ही यादी.

आधी प्रश्न लिहा. 'रॅन्समवेअरची (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची) माहिती हवी' हा प्रश्न नव्हे. 'या रविवारी व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कात यायची सुरक्षित वाट) बंद ठेवून पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) मारायचा का?' हा प्रश्न, कारण उत्तर आलं की मॅनेजरसाहेब काहीतरी ठरवतील. प्रश्नापुढं विचारणाऱ्याचं नाव आणि तारीख. चार-पाच प्रश्न बास.

मग आपल्याकडं काय आहे ते: सर्व्हर, राउटर, त्यांच्या आवृत्त्या. हे हाताशी नसेल तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) सूचना नुसत्या वाचत बसाल. हल्ल्यांत खरोखर वापरलेल्या त्रुटींची अमेरिकेच्या सीसा (CISA) या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची यादी फुकट मिळते, ती याच्याशी ताडा. लॉग, म्हणजे यंत्रांवर काय घडलं त्याच्या नोंदी, सर्ट-इनच्या २०२२च्या आदेशानुसार १८० दिवस ठेवायचेच आहेत. आहेत का बघा, सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळतात का तेही.

आता काउंटर, म्हणजे शाखेत गिऱ्हाईकं जिथं येतात ती खिडकी. मी नेमकं हेच विसरलो. फीड, म्हणजे नव्या धोक्यांची माहिती आपोआप पाठवणारे स्रोत, अकरा जोडले होते, सगळे इंग्रजी. तिकडं निपाणी शाखेत गिऱ्हाईकं आठवडाभर कॅशियरला मोबाईल दाखवत होती: 'आपली केवायसी संपली आहे, फाईल उघडा.' वर मराठी, खाली दोन ओळी कन्नड, आमचंच बोधचिन्ह आणि सोबत एपीके, म्हणजे मोबाईलवर ॲप बसवणारी फाईल. अकरांपैकी एकाही फीडात हे नव्हतं. दोघांचे पैसे गेल्यावर मला कळलं. कॅशियर म्हणाला, "तुम्ही कधी विचारलासा?"

तर काउंटर लिहा. शाखा, माणसाचं नाव, रोज चारला फोन. स्क्रीनशॉट अख्खा मागवा, नंबर आणि लिंक न कापता. फाईल उघडू नका म्हणून बजावा. कन्नड नीट वाचणारं एक माणूस ठेवा, अंदाजानं वाचू नका. खानापूरचं काउंटरही लिहा. लिहिलं? नसेल तर इथंच थांबा.

फीड दोन-तीनच. आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक) चोर चुटकीसरशी बदलतो, कामाची पद्धत सहसा इतक्या लवकर नाही. म्हणून पद्धत टिपा, तारखेसकट.

बाकी पटापट. कुणाला काय दाखवायचं त्याला टीएलपीचे रंग (माहिती किती जणांत वाटायची ते सांगणाऱ्या खुणा). घटना घडली तर ६ तासांत सर्ट-इन, पैसे गेले तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तीन महिन्यांनी शिळे प्रश्न खोडा. आणि काउंटरवाल्यानं पाठवलेल्याचं पुढं काय झालं ते त्याला कळवा, नाहीतर तो पुढचा स्क्रीनशॉट पाठवायचा नाही.