पत्राची सवय नेमकी कुठे अडते

पत्रं लिहिणं बंद पडतं ते वेळ नसतो म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात अर्धा तास सापडतो, तेव्हा पेन वाळलेलं असतं, पाकिटं संपलेली असतात आणि पत्ता जुन्या फोनमध्ये अडकलेला असतो. सामान गोळा होईपर्यंत लिहायची ऊर्मी ओसरते. म्हणून सुरुवात सामानापासून करा.

झाकणाचा एक डबा घ्या. त्यात वीसेक कोरे कागद, दहा पाकिटं, तेवढीच टपाल तिकिटं, दोन पेनं आणि पत्त्यांची छोटी वही ठेवा. या डब्यातलं पेन दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. तीन पाकिटं उरली की नवी आणायची, संपायची वाट बघायची नाही. लिहून झालेली पत्रं सर्वांत जास्त अडकतात ती तिकिटापाशी, हे लक्षात ठेवा. दमट हवेत पाकिटांचा गोंद आपोआप धरतो आणि न वापरलेली पाकिटं चिकटून बसतात. प्रत्येक झाकणाखाली बटरपेपरची पट्टी सरकवून ठेवली की हा त्रास संपतो.

कागद ए५ आकाराचा घ्या, म्हणजे १४८ × २१० मिमी. ए४ कागद समोर आला की तो भरायचा कसा, याचंच दडपण येतं. ए५च्या दोन्ही बाजू मिळून सव्वादोनशे ते अडीचशे शब्द बसतात आणि नेहमीच्या पत्राला तेवढे पुरतात. वजन ९० ते १०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाला तेवढे ग्रॅम) असावं. झेरॉक्सच्या कागदावर शाईपेनाने लिहिलं की बरेचदा शाई फुटते, कारण त्याचे तंतू ती शोषून बाजूला पसरवतात. शिवाय ती मागे उमटते आणि कागदाची एक बाजू वाया जाते. उलट, फार गुळगुळीत कागदावर शाई वरच राहते आणि हात लागताच फरफटते. गठ्ठा आणण्याआधी एका कागदावर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ठसठशीत लिहून बघा, अर्ध्या मिनिटाने बोट फिरवा, मग कागद उलटा करा. एवढी परीक्षा पुरते. हातकागद दिसायला सुरेख असतो, पण त्याचे तंतू निबात अडकतात, आणि तो खराब होईल या भीतीने बहुतेकदा कोराच राहतो.

कोऱ्या कागदावर ओळी तिरप्या जात असतील तर एका पांढऱ्या कागदावर जाड काळ्या रेघा मारून तो खाली ठेवा. १०० जीएसएमपर्यंत रेघा वरून दिसतात. देवनागरीला दोन रेघांत १० मिमी अंतर ठेवा. ८ मिमीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात आणि चांगलं अक्षरही गिचमिड दिसतं. पहिल्या पानानंतर बोटं दुखत असतील तर पेन दाबून धरलं जातंय. बॉलपेनाला दाब द्यावा लागतो, शाईपेनाला किंवा जेलपेनाला जवळजवळ नाही. महिनाभर पडून वाळलेलं शाईपेन कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. उकळतं पाणी नको, भाग वाकतात. चित्रकलेची इंडिया इंक शाईपेनात कधीच भरू नका. तिच्यातली लाख आत सुकते आणि पेन कायमचं तुंबतं.

पत्त्यासाठी मात्र पाण्याने न पसरणारी शाई हवी, मग ते साधं बॉलपेन का असेना. घासून पुसता येणाऱ्या पेनाने पत्ता लिहिणं हा तर शुद्ध वेडेपणा. ती शाई साधारण ६० अंश सेल्सिअसला दिसेनाशी होते आणि उन्हात उभ्या गाडीतला डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो.

आता लिहायचं. आधी पाकिटावर पत्ता घाला आणि तिकीट लावा, मग पत्राला हात घाला. हा क्रम उलटा वाटेल, पण तयार पाकीट समोर पडलं की पत्र अर्धवट सोडवत नाही. पंधरवड्याला एक पत्र ही सुरुवातीची गती ठीक. दर आठवड्याला चार असा संकल्प केला की तो दुसऱ्या महिन्यात मोडतो. अधल्यामधल्या दिवसांत सुचेल ते चिटोऱ्यावर टिपून डब्यात टाका. बसल्यावर ‘काय लिहू’ हा प्रश्नच उरत नाही.

मजकुराचं एकच पथ्य महत्त्वाचं: बातमी लहान घ्या आणि जवळून सांगा. ‘इकडे सर्व ठीक, पाऊस बरा आहे’ हे वाचून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी: ‘खिडकीची कडी तीन दिवसांपासून लागत नाही. लाकूड फुगलंय. आत्ता हे लिहिताना तिच्यात वर्तमानपत्राची घडी खुपसली आहे, तरी दर मिनिटाला खडखडतेच.’ पाऊस इथेही आहे, पण तो दिसतो. उशिराबद्दलची माफी एका वाक्यात उरका. अर्धं पान दिलगिरी वाचायला कंटाळवाणी असते आणि पुढचं पत्र लिहिणं आणखी अवघड करते.

उत्तर लिहिताना आलेलं पत्र शेजारी उघडून ठेवा आणि त्यातल्या प्रश्नांखाली पेन्सिलीची बारीक रेघ मारा. त्यांची उत्तरं आधी, आपलं पुराण नंतर. शेवटी दोन प्रश्न विचारा, पण नेमके. ‘कशी आहेस?’ला ‘बरी आहे’ एवढंच येतं. ‘वरच्या मजल्यावरच्यांनी पियानो विकला का शेवटी?’ला पानभर उत्तर येऊ शकतं.

शब्द चुकला तर एक आडवी रेघ मारून पुढे जा. कागद फाडून पुन्हा सुरुवात करणाऱ्यांची पत्रं क्वचितच टपालात पडतात. सांत्वनाचं पत्र तेवढं अपवाद. ते आधी कच्चं लिहा, तासभर बाजूला ठेवा, मग उतरवा.

ए५ कागद एकदा दुमडला की सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) बसतो, ए४ तीन समान भागांत दुमडला की डीएल पाकिटात (११० × २२० मिमी). शाई सुकल्याशिवाय घडी घालू नका, समोरच्या पानावर उलटी अक्षरं उमटतात. वजनाचा हिशोब सोपा: ८० जीएसएमचा ए४ कागद ५ ग्रॅम, १०० जीएसएमचा ए५ जेमतेम ३ ग्रॅम. कागदं वाढली किंवा सोबत फोटो घातला की टपालखर्चाचा टप्पा ओलांडला जाऊ शकतो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या. बंद पाकीट चपलांजवळ ठेवा. पुन्हा उघडून वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी वाचलेलं आपलं पत्र कुणालाच आवडत नाही.

डब्यात एक छोटी वही नोंदीलाही ठेवा: तारीख, कुणाला, काय कळवलं, काय विचारलं. एकच हकिकत त्याच माणसाला दोनदा जाण्याचं संकट टळतं. दोन महिने उत्तर नाही आलं तर तक्रार न करता चार ओळींचं कार्ड टाका, आणि ते उघडं जातं म्हणून खाजगी काही लिहू नका. ज्यांच्याशी नियमित पत्रव्यवहार आहे त्यांच्या पत्रांवर तारखेशेजारी क्रमांक घाला. लांबच्या टपालात दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून जातात, कधी मागाहून टाकलेलं आधी पोचतं. १२ नंतर थेट १४ हातात पडलं, की मधलं एक अजून वाटेत आहे हे न विचारता कळतं.