बेडफर्ड ओबीचा कुजलेला खांब

इंग्लंडमध्ये आमच्या गटाकडे बेडफर्ड ओबी ही एक जुनी बस आहे. ड्यूपल या बस-बॉडी बांधणाऱ्या कंपनीची व्हिस्टा बॉडी, २९ आसनं. १९५१पर्यंत बनत असलेल्या या देखण्या मॉडेलचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा, आणि अ‍ॅशला ओल सोसत नाही. पत्रा वरून चकचकीत, पण तो काढून खिडकीखालच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर शिळ्या पावासारखा भुगा पडला. पाणी काचेच्या खाचेतून झिरपत होतं.

अख्खा खांब बदलला नाही. शाबूत मूळ लाकूड फेकायला जीव होईना. कुजकं कापलं, जाडीच्या आठपट लांबीचा तिरका सांधा घेतला, अ‍ॅशचाच तुकडा इपॉक्सीनं चिकटवला. पत्रा लावण्याआधी सगळीकडे प्रायमर. खाचेच्या तळाला पाणी निघायला भोक जरूर ठेवा, नाहीतर नवा तुकडाही कुजतो.