टेलिग्रामच्या सार्वजनिक ग्रुपवर नंबर उघडा पडू देऊ नका

सार्वजनिक ग्रुपमधलं लिखाण सामील न होताही कुणालाही वाचता येतं, सरकारी यंत्रणेलाही. खरी अडचण नंबरची. नुसता लपवून भागत नाही, कारण हजारो नंबर कॉन्टॅक्टमध्ये भरून कुठला कोणाच्या खात्याशी जुळतो ते तपासता येतं.

१. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'फोन नंबर' उघडा. नंबर कोणाला दिसावा, या प्रश्नापुढे 'नोबडी' निवडा.

२. त्याखाली दुसरा प्रश्न येतो: नंबरावरून मला कोण शोधू शकतं? तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा. बहुतेकांचं नेमकं हेच राहून जातं.

३. 'फॉरवर्डेड मेसेजेस'ही 'नोबडी' करा, म्हणजे पुढे पाठवलेल्या मेसेजवरून तुमच्या खात्याची लिंक मिळत नाही.

नंतर खात्री करून घ्याच. ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही, अशा कुणाच्या तरी फोनमध्ये तुमचा नंबर नव्याने सेव्ह करून बघा. टेलिग्रामवर तुमचं खातं दिसता कामा नये. आणि ग्रुपमधल्या कुणाला कॉन्टॅक्टमध्ये घेताना 'शेअर माय फोन नंबर'वरची टिक काढा, नाहीतर नंबर आपल्याच हातून जातो.

मात्र, वैध कायदेशीर मागणी आल्यास टेलिग्राम कंपनी तुमचा नंबर आणि आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) सरकारी यंत्रणेला देऊ शकते. सप्टेंबर २०२४ पासून तसं त्यांच्या धोरणातच आहे.