घरच्या वर्कशॉपसाठी लोखंड कापायची करवत कशी निवडावी

नागदेवी स्ट्रीटला (मुंबईतला हत्यारांचा बाजार) मशीन बघायला निघण्याआधी एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: कापायचा सगळ्यात जाड माल, सगळ्यात पातळ माल आणि आठवड्याला साधारण किती काप. दुकानात बोलणं वॅटवरून सुरू होतं, पण करवत टिकणार की नाही हे वॅट ठरवत नाहीत. घरगुती कामात बहुधा 16 किंवा 18 गेजचा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) बॉक्स पाइप, 3 मिमीचा अँगल, एक-दोन सुती पट्टी आणि 10-12 मिमीची सळई एवढंच येतं. (एक सूत म्हणजे 1/8 इंच, जवळपास 3 मिमी.)

दात्याला मारते ती उष्णता, आणि कापायचा वेग वाढला की उष्णता वाढते. 14 इंची चॉपसॉची (घासून कापणाऱ्या चकतीचं मशीन) चकती 3800 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 3800 फेऱ्यांनी, फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला 70 मीटर धावते. लहान बँडसॉचं (दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणाऱ्या पात्याचं मशीन) पातं मिनिटाला 20 ते 50 मीटर, म्हणजे सेकंदाला एक मीटरही नाही. चकती लोखंड घासत, तापवत जाते आणि स्वतःही झिजत जाते. बँडसॉचा दाता कीस काढतो आणि बरीचशी उष्णता त्या किसाबरोबर निघून जाते. टिकाऊपणा हवा असेल तर हळू कापणारं मशीन बघा.

आठवड्याला दहा-पंधरा काप असतील तर मशीन लागतच नाही. चौकोनी पाइपाची, ताण देणारी पक्की हॅकसॉ (हाताने चालवायची करवत) फ्रेम आणि बायमेटल ब्लेड पुरतात. फ्रेम निवडताना ब्लेड चढवून ताण द्या आणि दांडा पिळून बघा. पातं मुठीच्या रेषेत राहिलं नाही तर ती फ्रेम सरळ काप कधीच देणार नाही. ब्लेड अडकवायच्या पिना जाड आणि घट्ट बसवलेल्या हव्यात, कारण सगळा ताण त्यांच्यावर येतो. ब्लेड 12 इंची, म्हणजे 300 मिमी. पूर्ण कडक हायस्पीड ब्लेड सरळ कापतं, पण हात जरा वाकडा गेला की काडकन मोडतं. साधं कार्बनचं वाकतं, पण लवकर बोथट होतं. बायमेटलमध्ये दात्यांची कड हायस्पीड स्टीलची आणि पाठ स्प्रिंग स्टीलची असते. किंमत जास्त, तरी घरच्या कामाला हेच परवडतं.

दात्यांची गणती इथे महत्त्वाची. मालाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते बसले पाहिजेत. इंचाला 18 दाते म्हणजे दोन दात्यांत 1.4 मिमी अंतर, म्हणून ते ब्लेड साडेचार मिमीच्या पुढच्या मालाला. 3 मिमी अँगलला 24 दाती. 16 गेजच्या पाइपाची भिंत 1.6 मिमी असते, तिथे 32 दातीचेही दोनच दाते लागतात. म्हणून करवत थोडी तिरकी धरा आणि एक बाजू कापली की पाइप फिरवा. पातळ पत्रा असेल तर दोन प्लायच्या तुकड्यांत दाबून प्लायसकट कापा. पाइपात दाते झडले की लोक ब्लेडला शिव्या देतात. चूक बहुतेक वेळा दाती निवडण्यात झालेली असते.

ब्लेडचे दाते पुढच्या दिशेला. ताण एवढा की बोटाने छेडल्यावर पातं टणटणलं पाहिजे. मिनिटाला 40-50 झटके, दाब फक्त पुढे जाताना, परतताना हात हलका. अर्धा काप झाल्यावर ब्लेड मोडलं तर नवं ब्लेड त्याच फटीत घालू नका. जुन्या, झिजलेल्या दात्यांनी पाडलेली फट अरुंद असते; नवं पातं तिथे अडकतं आणि पहिल्या मिनिटात त्याची बाजूची धार जाते. माल उलटवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

काप वाढले, किंवा 40-50 मिमी भरीव सळई नेहमी कापायची असेल, तर साडेचार इंची (म्हणजे साधारण तेवढ्या जाडीचा माल घेणारा) बँडसॉ घ्या. या मापाच्या बऱ्याच मशीनना 1638 मिमी लांब, 13 मिमी रुंद पातं लागतं आणि ते बाजारात सहज मिळतं. विचित्र मापाचं मशीन स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या. तेवढ्या लांबीचं पातं मुद्दाम वेल्ड करून घ्यावं लागेल आणि प्रत्येक वेळी खेटे पडतील.

दुकानात मशीन सुरू करून दाखवायला सांगण्याआधी हात लावून तपासा. वरच्या बाहूचं टोक धरून डावी-उजवीकडे ओढा. बिजागरीत डगडग जाणवली तर काप काटकोनात येणार नाही आणि ही डगडग नंतर वाढतच जाते. गाइडचे (पातं सरळ धरणारे) बेअरिंग पुढे-मागे सरकवता आणि एक्सेंट्रिकने (फिरवल्यावर बेअरिंग बाजूला सरकवणारा बोल्ट) जुळवता आले पाहिजेत. व्हाइसचा (माल पकडायचा शिकंजा) मागचा जबडा आणि पातं यात गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघा. मोटर इंडक्शन असेल तर कार्बन ब्रशची कटकट नाही. ब्रशची मोटर असेल तर ब्रश बाहेरून काढता येतात का आणि जादा जोडी मिळते का ते विचारा. वॉर्म गिअरच्या (मोटरचा वेग कमी करणारा गिअर) पेटीला तेल भरायचं झाकण हवं. ते नसेल तर पुढे ओतायला जागाच राहत नाही.

नवं पातं पहिल्या काही कापांत निम्म्या दाबाने चालवा. कोवळ्या धारेवर पूर्ण भार टाकला की दात्यांची टोकं बारीक तुटतात आणि पातं निम्म्यातच संपतं. एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) मधल्या वेगाला, स्टेनलेस सगळ्यात कमी वेगाला. स्टेनलेसवर दाता नुसता घासत राहिला तर जागा कडक होते आणि पुढचे दाते जातात, त्यामुळे दाब कमी करू नका. कीस काय सांगतो ते बघा: गुंडाळलेला आणि कोमट असेल तर ठीक, भुकटी पडत असेल तर दाब कमी पडतोय, निळा पडला तर वेग किंवा दाब जास्त होतोय. अँगल उलट्या व्ही सारखा, टोक वर करून धरा, म्हणजे पात्याला दोन्ही पाखांची जाडी सारखी लागते. काप तिरका जात असेल तर आधी ताण, मग गाइड मालाच्या जवळ आणलेत का, मग दाब बघा. हे सगळं ठीक असेल तर एका बाजूचे दाते बोथट झालेत आणि पातं बदलायचं आहे.

चॉपसॉ गाळ्यात किंवा उघड्या गच्चीवर ठीक. इमारतीतल्या खोलीत तिच्या ठिणग्या काचेला आणि टाइल्सना चिकटतात, आणि पहिल्या पावसात तिथे गंजाचे ठिपके उठतात. शिवाय निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे. या मशीनपुढे ती टिकत नाही. तरी घ्यायचीच असेल तर 2000 वॅटच्या मशीनला 16 अँपिअरचा सॉकेट आणि 2.5 स्क्वेअर मिमीची पूर्ण उलगडलेली वायर लागते. चकतीच्या मधल्या कड्यावरची मुदत वाचा, जुना माल स्वस्त असला तरी घेऊ नका. ॲल्युमिनियम या चकतीवर कापू नका, ते चकतीत भरून बसतं. आणि ड्रायकटचं (कमी वेगाने, दात्यांनी कापणारी चकतीची करवत) कार्बाइड दात्यांचं पातं चॉपसॉवर कधीही चढवू नका. ते पातं साधारण 1300-1500 आरपीएमसाठी बनवलेलं असतं; 3800 वर दाते सुटून उडतात. भोक दोन्हीचं 25.4 मिमी असल्याने ते बसतं खरं, म्हणूनच हा मोह घातक आहे.

मुंबईत पावसाळ्यात बँडसॉच्या पात्याचा ताण काम संपल्यावर सैल करा, व्हाइसच्या मार्गावर आणि टेबलावर तेलाचा हात फिरवा. कीस ब्रशने त्याच दिवशी झाडून काढा. दमट हवेत ओला कीस रात्रीतून गंजून चिकटतो आणि चाकांखाली गेला की पातं घसरायला लागतं.