जॅट्स लेखातील आकृत्या आणि तक्ते पहिल्या उल्लेखाजवळ कसे आणावेत

संशोधन-नियतकालिकांचे लेख जॅट्स या एक्सएमएल रचनेत येतात, तेव्हा पुष्कळदा सगळ्या आकृत्या आणि तक्ते लेखाच्या शेवटी ‘फ्लोट्स-ग्रुप’ या एलिमेंटमध्ये एकत्र ठेवलेले असतात. मजकुरात असतो तो फक्त ‘एक्सरेफ’ हा दुवा, आणि त्याच्या ‘आरआयडी’ या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये संबंधित आकृतीचा आयडी. एक्सएसएलटी या एक्सएमएलचे रूपांतर करणाऱ्या भाषेने एचटीएमएल तयार करताना प्रत्येक आकृती तिचा पहिला उल्लेख जिथे आला, त्याच्या लगेच खाली दिसावी, आणि एकदाच दिसावी, एवढीच अपेक्षा असते.

प्रथम ‘खाली’ म्हणजे नेमके कोठे, हे ठरवावे. आकृती परिच्छेदाच्या आत टाकता येत नाही, कारण एचटीएमएलमध्ये ‘फिगर’ टॅग आला की ब्राउझर उघडा परिच्छेद तिथेच बंद करतो आणि उरलेले वाक्य पोरके होते. उल्लेख एखाद्या यादीतील तिसऱ्या मुद्द्यात असेल, तर आकृती यादीच्या मध्ये न घालता संपूर्ण यादीनंतर द्यावी. म्हणून ‘बॉडी’ (लेखाचा मुख्य मजकूर) किंवा ‘सेक’ (त्यातील विभाग) यांचे थेट अपत्य असलेला परिच्छेद, यादी किंवा अवतरण यालाच ‘खंड’ मानावे, आणि टेम्प्लेटने, म्हणजे एक्सएसएलटीतील रूपांतराच्या नियमाने, आधी खंड छापून मग त्याच्या वाट्याच्या आकृत्या छापाव्यात.

आता वाटणी. सहज सुचणारी पद्धत अशी, की प्रत्येक दुव्यापाशी थांबून ‘या आयडीचा मी पहिला दुवा आहे का?’ असे विचारावे. साध्या लेखात ते चालते. मात्र ‘फिग-ग्रुप’ या आकृत्यांच्या गटातील आकृती २अ आणि २ब यांचे आयडी वेगळे असल्यामुळे दोन्ही दुवे स्वतःला पहिलेच समजतात आणि पूर्ण गट दोनदा छापला जातो. त्यामुळे प्रश्न आकृतीच्या बाजूने विचारावा, असे माझे मत आहे. ‘एक्सएसएल:की’ वापरून सर्व दुव्यांची सूची बांधावी. ‘आरआयडी’मध्ये रिकाम्या जागेने विभागलेले अनेक आयडी असू शकतात, म्हणून एक्सएसएलटी २.० मधील ‘टोकनाइझ’ फंक्शनने ते सुटे करावेत. मग प्रत्येक आकृतीसाठी, गट असल्यास गटाचा आणि आतील सर्वांचे आयडी मिळून, ‘की’ फंक्शनला एकदम द्यावेत. उत्तरात येणारे दुवे दस्तऐवजाच्या क्रमानेच येतात, त्यामुळे त्यांतील पहिला दुवा ज्या खंडात आहे, तो त्या आकृतीचा खंड. एक्सएसएलटी १.० वर अडकलेल्यांनी दोन नोड एकच आहेत का, हे ‘इज’ऐवजी ‘जनरेट-आयडी’ची तुलना करून तपासावे, ‘टोकनाइझ’ मात्र तिथे उपलब्ध नाही.

सूचीत कोणते दुवे घ्यायचे, यावर बरेच अवलंबून असते. एकदा माझ्या हातून एका लेखातील तक्ता १ एचटीएमएलमधून सपशेल गायब झाला आणि कोणतीही चूक नोंदली गेली नाही. लेखकाने त्याचा पहिला उल्लेख सारांशातच केला होता. सारांश ‘फ्रंट’मध्ये असतो, तिथले टेम्प्लेट आकृत्या छापत नव्हते, आणि ‘बॉडी’तील दुवा दुसरा ठरल्यामुळे त्यानेही तक्ता छापला नाही. तेव्हापासून सूचीत केवळ ‘बॉडी’तील दुवे घेतो, आणि त्यांतूनही आकृत्यांच्या व तक्त्यांच्या मथळ्यांतील दुवे वगळतो.

‘आकृती २–४’ असा पल्ला हा वेगळा त्रास आहे. टॅग करणाऱ्याने दोन टोकांनाच दुवे दिले असतील, तर आकृती ३ कोणाचीच राहत नाही. दोन दुव्यांमध्ये फक्त आडवी रेघ आहे हे ओळखून मधले आयडी भरून काढता येतात, पण ते एक्सएसएलटीत करण्यापेक्षा टॅगिंगच्या वेळी दुव्यात तिन्ही आयडी लिहिणे बरे. आकृती ५ चा उल्लेख आकृती ४ च्या आधी आला, तर क्रम परस्पर बदलू नये; ‘एक्सएसएल:मेसेज’ने संपादकाला कळवावे. क्रमांक चुकला की वाक्य, हे तोच सांगू शकतो.

ज्या आकृतीवर ‘पोझिशन’ या अ‍ॅट्रिब्यूटचे मूल्य ‘अँकर’ आहे, ती लेखकाने ठेवली त्याच जागी राहू द्यावी आणि वाटणीतून वगळावी. ज्यांना ‘बॉडी’त एकही दुवा सापडला नाही, त्या ‘बॉडी’च्या शेवटी छापाव्यात आणि त्यांचेही आयडी मेसेजमध्ये द्यावेत. शेवटी मूळ एक्सएमएलमधील आकृत्या व तक्ते मोजून एचटीएमएलमधील संख्येशी ताडून पाहावे, आणि आकडे जुळले नाहीत तर ‘एक्सएसएल:मेसेज’च्या ‘टर्मिनेट’ला ‘येस’ देऊन प्रक्रिया तिथेच थांबवावी.